एका तिकिटात गढी आणि शिकारवाडे: जर्मनीतलं चोपाऊ खोरं

केम्निट्झ शहराजवळच्या चोपाऊ नदीच्या खोऱ्यात गाडी भाड्याने घेऊन फिरलं तर खर्च फार होतो आणि पार्किंग शोधण्यात वेळ जातो. त्यापेक्षा नदीकाठाने जाणारी लोकल ट्रेन पकडा.

१. 'झाक्सन-टिकेट', म्हणजे सॅक्सनी राज्यातल्या लोकल ट्रेनचं दिवसभराचं तिकीट काढा. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटात दिवसभर फिरता येतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं.

२. आधी ऑगस्टुसबुर्ग उरका. एर्डमान्सडोर्फला उतरून १९११ सालच्या केबल रेल्वेने वर जा. १५६८ ते १५७२ मध्ये बांधलेला हा अवाढव्य शिकारवाडा निम्मा दिवस खातो. तिथल्या चर्चमधलं सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार धाकटा क्रानाख याचं चित्र आणि खडकात खोदलेली सुमारे १३० मीटर खोल विहीर अजिबात चुकवू नका. दोन्हींसाठी गाइडेड टूरची वेळ तिकीट खिडकीवर पोचताच विचारून घ्या.

३. मग चोपाऊ गावातला विल्डेक शिकारवाडा आणि शेवटी शार्फेनश्टाइनची गढी. उशीर झाला तरी दोन्ही बाहेरूनही छान दिसतात.

सोमवार मात्र टाळा, बरीच संग्रहालयं बंद असतात. केबल रेल्वेही अधूनमधून देखभालीसाठी थांबते. निघण्याआधी वेळापत्रक बघाच.