दिवाळी अंक : कोणते विकत घ्यावेत, कोणते वाचनालयातून आणावेत

दसरा झाला की घरात सामानाची यादी निघते. पोहे, डालडा, उटणं, पणत्या, आणि सगळ्यात खाली कुणीतरी 'दिवाळी अंक' लिहितं. किती आणि कोणते, ते कुणी लिहीत नाही. मग स्टॉलवर हात सैल सुटतो. तीनशेच्या आसपासचे पाच अंक घेतले की दीड हजार गेले. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाला तेव्हा वाचकाला ही अडचण नव्हती. आता अंक शेकड्यांनी निघतात.

सुरुवात गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यापासून करा. माळ्यावरून, पलंगाखालून अंक काढा आणि खरोखर वाचलेले बाजूला ठेवा. माझ्याकडे नऊपैकी चार निघाले. उरलेल्या पाचांत दोन-दोन कथा वाचून बस तिकिटाची खूण घातलेली होती. यंदाचा आकडा या चारावरून ठरवायचा, उत्साहावरून नाही.

आता निवड. किंमत बघून ठरवू नका. 'हा अंक मी पुन्हा उघडणार आहे का?' एवढंच विचारा. 'मौज'सारख्या अंकातली एखादी दीर्घकथा दोन वर्षांनी आठवते, म्हणून तो कपाटात हवा. रहस्यकथांचा 'धनंजय' एका बैठकीत संपतो आणि खुनी कळल्यावर सहसा परत उघडला जात नाही, तो आणून वाचावा. 'आवाज' मात्र विकतच घ्यावा. त्यातल्या खिडकीचित्रांच्या (कागदाची खिडकी उघडली की आतलं चित्र दिसतं) खिडक्या चार हातांतून फिरेपर्यंत फाटलेल्या असतात, आणि खिडकी फाटली की विनोदही गेला. मुलांचे अंकही घरचेच बरे, कारण कोडी पेन्सिलीने सोडवायची असतात. केवळ वार्षिक राशिभविष्यासाठी अंक घेऊ नये. (आमच्याकडे या मुद्द्यावर सासूबाईंचं मत वेगळं आहे.)

विकत घ्यायचे तीन-चार ठरले की बाकीच्यांसाठी वाचनालय गाठा. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं. पण तुमच्या गल्लीतलं छोटं वाचनालयही चालेल. बरीच वाचनालयं दिवाळीत खास योजना काढतात : ठरावीक वर्गणी भरा आणि दोन-तीन महिने अंक बदलून न्या. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. एका वेळी किती अंक मिळतात? रोज बदलता येतात का? अनामत किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागणी असलेल्या अंकाच्या प्रती किती घेतल्या आहेत? एकच प्रत असेल तर ती तुमच्या हाती होळीला येईल. वर्गणीला एका अंकाच्या किमतीने भागून पाहा. तेवढे अंकही वाचून होणार नसतील तर योजना स्वस्त नाही.

तिसरी वाट सोसायटीतली. चार घरांनी प्रत्येकी तीन वेगवेगळे अंक घ्यायचे, म्हणजे बारा वाचायला मिळतात. आधी बसून याद्या जुळवा, नाहीतर चारही घरांत एकच अंक येतो. मुखपृष्ठाच्या आत मालकाचं नाव लिहा आणि अदलाबदलीचा वार रविवार ठरवा. कोणाकडे काय गेलं याची वही एकाच माणसाकडे ठेवा, शक्यतो जो मागायला लाजत नाही त्याच्याकडे.

घाई नसेल तर जानेवारीपर्यंत थांबा. उरलेले अंक काही दुकानांत सवलतीत मिळतात आणि कथा काही शिळी होत नाही.

वाचून झालेले अंक रद्दीत किलोवर जातात, हाती फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा जवळच्या वृद्धाश्रमात विचारा, किंवा वाचनालयालाच द्या. योजनेची मुदत संपली की अनामत मागून घ्या. पावती हरवते म्हणून ती मी वीजबिलांच्या फाइलमध्ये लावते.