खान्देशात जीवाश्मशास्त्राची इंटर्नशिप आखताना

खान्देशाचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने व्यापलेला आहे आणि त्या काळ्या खडकात सहसा जीवाश्म टिकत नाहीत, म्हणून येथील महाविद्यालये हा विषय फारसा हाती घेत नाहीत. जीवाश्म शोधण्यासाठी तापी-पूर्णा नद्यांचा जाड गाळ मात्र हाताशी आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे अश्मयुगीन कोरीव तुकडे मिळाले, आणि सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या खोऱ्यात बाघ या गावाच्या नावाने ओळखले जाणारे, प्राचीन समुद्रात साचलेले खडकांचे थर आहेत. विद्यार्थी एसटीने जाऊन संध्याकाळी परतू शकेल, असे ठिकाण आधी निवडावे.

भूशास्त्र अनेक महाविद्यालयांत शिकवलेच जात नाही, म्हणून भूगोल, प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश द्यावा. आदिवासी पाड्यांवरील मुलामुलींना घ्यायचे असेल, तर एका गावातून एकटीदुकटी मुलगी न निवडता दोघी-तिघी घ्याव्यात आणि घरच्यांशी बोलायला भिली, पावरी किंवा अहिराणी जाणणारा शिक्षक पाठवावा.

खरी अडचण पैशांची असते. विद्यावेतन शेतमजुरीच्या रोजाहून कमी नसावे आणि पहिला हप्ता रुजू होतानाच द्यावा. ‘आधी खर्च करा, बिले नंतर जोडा’ ही पद्धत गरीब विद्यार्थ्याला दारातूनच परत पाठवते.

वेळापत्रक विद्यापीठाच्या सोयीने ठरवू नये. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडील अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात, होळीआधी भोंगऱ्याचे (आदिवासींच्या सणाचे) बाजार भरतात आणि मे महिन्यातील उन्हात क्षेत्रकाम करणे धोक्याचे असते. म्हणून शिक्षकांनी आदल्या हिवाळ्यातच गाळाची पोती आणून ठेवावीत, पेरणी-निंदणी आटोपल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरातील शनिवार-रविवारी प्रयोगशाळेतील काम घ्यावे आणि डिसेंबरात चार-पाच दिवसांचे छोटे शिबिर ठेवावे.

प्रयोगशाळेतील काम दुय्यम समजू नये. माझ्या मते विषयाची गोडी तिथेच लागते. गाळ बादलीत भिजवावा, बारीक चाळणीतून हलक्या हाताने धुवावा, सावलीत वाळवावा आणि चिमूटभर ताटलीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण तपासावा. माशाचा दात किंवा शिंपल्याचा तुकडा असा दिसला की विद्यार्थ्यानेच तो कुपीत ठेवावा आणि ठिकाण, थर, तारीख व स्वतःचे नाव नोंदवहीत लिहावे. थर न नोंदवलेला नमुना अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

वनजमिनीवर जायचे असल्यास वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी, खासगी शेत असल्यास मालकाची. शिबिर संपल्यावर एम.एस्सी.च्या प्रवेशाचे अर्ज, जात प्रमाणपत्र आणि शिष्यवृत्तीच्या तारखा यांसाठी शिबिर घेणाऱ्या शिक्षकानेच पुढील वर्षभर विद्यार्थ्यांच्या संपर्कात राहावे.