पुण्यात रात्री गाडी रस्त्यावर लावताय? आधी उद्याची तारीख बघा

सोसायटीत जागा नाही, जुन्या वाड्यात तर प्रश्नच नाही, त्यामुळे पुण्यात कित्येकांची गाडी रात्री रस्त्यावरच असते. त्यात चूक काही नाही, पण नियम माहीत पाहिजेत, कारण गाडी उचलली की सकाळचं ऑफिस गेलंच समजा.

सगळ्यात जास्त घोळ पी-१ पी-२ चा. रस्त्याच्या ज्या बाजूला पी-१ चा बोर्ड, तिथे विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ चा बोर्ड असेल त्या बाजूला सम तारखेला. दिवसा हे सगळ्यांना जमतं, पण तारीख बदलते रात्री १२ ला. म्हणजे ८ तारखेला रात्री जेवणाआधी पी-२ ला लावलेली गाडी एकदम बरोबर, आणि सकाळी क्रेन येते तेव्हा ९ तारीख, गाडी चुकीच्या बाजूला! बोर्डावर वेळ लिहिली असेल तर ती धरा, नसेल तर १२ नंतर नाहीतर अगदी पहाटे गाडी समोरच्या बाजूला हलवा, किंवा सरळ पी-१ पी-२ नसलेली गल्ली शोधा, मला तरी हेच बरं वाटतं. आणि हो, ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, तेव्हा बाजू बदलायची नाही, सवयीने हलवली तर उलट फसाल.

दुसरं, नो पार्किंग नसलं म्हणजे गाडी कितीही दिवस ठेवा असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त बेवारस सोडलेली गाडी पोलीस उचलू शकतात नाहीतर जॅमर लावू शकतात, खर्च मालकाचा. गावाला जाताय तर गाडी नातेवाइकाच्या सोसायटीत ठेवा, किल्ली कुणाकडे तरी देऊन जा.

फुटपाथ, चौकाचं वळण, बसस्टॉप, हॉस्पिटलचं गेट, कुणाचंही गेट, इथे रात्रीसुद्धा नाही म्हणजे नाही. पेठांतल्या गल्ल्यांत दोन्हीकडे गाड्या लागल्या की अग्निशमनची गाडी आत शिरत नाही हो, हे मनापासून सांगतोय. समोर आधीच गाडी असेल तर पुढे जा, पाच मिनिटं चालावं लागेल, चाला.

'गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' असले घरगुती बोर्ड किंवा कुंड्या, दगड ठेवून अडवलेली जागा, याला कायद्यात काही अर्थ नाही, रस्ता सगळ्यांचा. पण गेट अडत असेल तर बोर्ड नसला तरी चूक तुमचीच.

गणपतीत, विशेषतः अनंत चतुर्दशीला, लक्ष्मी रोड टिळक रोड भागात आदल्या रात्रीच गाडी बाहेर काढा, वाहतूक शाखा आधी यादी जाहीर करते ती बघा. पावसाळ्यात मोठ्या झाडाखाली नको, फांदी पडली तर नुसत्या थर्ड पार्टी इन्शुरन्सवर दमडी मिळत नाही.

गाडी जागेवर नसेल तर चोरी समजून घाबरू नका, आधी जवळच्या वाहतूक चौकीत विचारा. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५००, नंतर १५००, टोइंगचे वेगळे, पावती घ्याच. चलन चुकीचं वाटलं तर महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते, त्यासाठी रात्री गाडी लावतानाच बोर्ड आणि नंबरप्लेट दोन्ही दिसतील असा एक फोटो काढून ठेवा.