एनकर्सेस वापरून टर्मिनलमध्ये खिडक्या कशा उभाराव्यात

टर्मिनलला खिडकी ही गोष्टच ठाऊक नसते. त्याच्याकडे असतात फक्त ओळी आणि रकाने; 1978 साली आलेल्या व्हीटी100 या टर्मिनलवर नेहमीच्या मांडणीत 24 ओळी आणि 80 रकाने मावत, आणि तेच माप आजही गृहीत धरले जाते. म्हणून एनकर्सेस या टर्मिनलचा पडदा रेखाटणाऱ्या लायब्ररीतली खिडकी म्हणजे मेमरीत राखून ठेवलेला अक्षरांचा एक आयत असतो, हे आधी मनात पक्के करावे.

सी भाषेत सुरुवातीला लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरसंकेतन, ठरवून घ्यावे, मगच पडदा सुरू करावा आणि टाइप केलेली अक्षरे आपोआप उमटणे बंद करावे. मधोमध संवादचौकट हवी असेल, तर खिडकी तयार करणाऱ्या ‘न्यूविन’ला 10, 40, 7, 20 हे आकडे द्यावेत. येथे क्रम उंची, रुंदी, ओळ, रकाना असा असतो, आणि आडव्या अंतराचा आकडा आधी देण्याची सवय असलेल्यांची चूक हमखास येथेच होते. ‘बॉक्स’ने कडा काढल्यावर आत 8 ओळी आणि 38 रकानेच उरतात, मजकूर 1, 1 पासून लिहावा, नाहीतर तो कडेवरच चढतो.

खिडकीत लिहिलेले लगेच पडद्यावर दिसत नाही. प्रत्येक खिडकी स्वतंत्रपणे ताजी केल्यास पडदा लुकलुकू शकतो. त्याऐवजी सर्व खिडक्यांवर ‘डब्ल्यूनोआउटरिफ्रेश’ चालवून शेवटी एकदाच ‘डूअपडेट’ करावे, म्हणजे जेवढे बदलले तेवढेच टर्मिनलकडे जाते. खिडक्या एकमेकींवर येणार असतील, तर पॅनेल लायब्ररी वापरावीच, कारण कोणती वर आणि कोणती खाली हा हिशेब साधी खिडकी ठेवत नाही. पॅनेल असताना ‘अपडेटपॅनेल्स’ आणि त्यामागून ‘डूअपडेट’ एवढे पुरते.

संवादचौकट अचानक नाहीशी झाली, तर कळ वाचणारे ‘गेटसीएच’ तपासावे: मूळ पडद्यावर काही बदल झालेला असल्यास ते तो पडदा ताजा करते आणि वरची खिडकी पुसली जाऊ शकते. कळ त्या खिडकीतूनच ‘डब्ल्यूगेटसीएच’ने वाचावी. विशेष कळा ओळखणारा ‘कीपॅड’ही प्रत्येक खिडकीसाठी वेगळा चालू करावा लागतो, अन्यथा बाणाची एक कळ अनेक सुट्या अक्षरांच्या रूपात हाती येते.

मराठी मजकुरासाठी रुंद अक्षरे हाताळणारी एनकर्सेसडब्ल्यू ही आवृत्ती जोडावी. ‘मराठी’ या शब्दात यूटीएफ-8 या अक्षरसंकेतनात 15 बाइट असतात, त्यामुळे बाइट मोजून रकाने ठरवू नयेत. शिवाय जोडाक्षरांना किती रकाने द्यायचे यावर टर्मिनल आणि लायब्ररी यांचे एकमत नसेल, तर त्या ओळीची उजवी कड सरकते. माझ्या मते अशा खिडकीला फक्त वरची आणि खालची रेघ द्यावी.

बाहेर पडताना, चूक होऊन बाहेर पडतानासुद्धा, टर्मिनल पूर्ववत करणारे ‘एंडविन’ चालायलाच हवे. ते राहून गेल्यास शेलमध्ये, म्हणजे आदेश देण्याच्या ओळीवर, टाइप केलेले दिसेनासे होते. तेव्हा न दिसताही ‘रीसेट’ हा आदेश टाइप करून एंटर दाबावे.