मोठ्या नावाचं कॉलेज की जळगावचं सरकारी? फॉर्म भरायच्या आधी हा हिशोब करा

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय, पोरगं म्हणतं बाहेरच्या राज्यातल्या त्या मोठ्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत जायचंय आणि वडील गप्प बसून सातबारा काढतात. आमच्या घरात हे होऊन गेलंय म्हणून लिहितोय, इंजिनिअरिंगपुरतंच.

आधी कागद घ्या आणि चारही वर्षांचा खर्च मांडा, नुसती पहिल्या वर्षाची फी नाही, होस्टेल, मेस, लॅपटॉप, सणाला घरी यायचं भाडं, सगळं. फी कधी भरायची तेही लिहा. कॉलेज पैसे मागतं जुलै-ऑगस्टात, तेव्हा आपला पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो आणि कापूस विकला जातो दिवाळीच्या पुढे, मधल्या तीन महिन्यांसाठी लोक व्याजाने पैसे उचलतात आणि तो खर्च कोणीच धरत नाही.

मग लोनचा आकडा काढा. समजा दरवर्षी अडीच लाख असे १० लाख घेतले, व्याज १० टक्के. शिक्षण आणि वरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, ते साडेतीन लाखाच्या घरात जातं. म्हणजे हप्ता सुरू होतो तो साडेतेरा लाखांवर, १० वर्षं महिन्याला साधारण १७,८०० रुपये. पहिला पगार २५ हजार असला तर पोरगं पुण्यात खाणार काय?

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्कॉलरशिप. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू योजनेत ट्यूशन फी निम्मी माफ होते, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (खुल्या गटातले आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ओबीसीतल्या मुलींना पूर्ण माफ. पण ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे राज्य सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या सीटला हे नाही, अभिमत (डीम्ड) विद्यापीठालाही नाही. माझ्या चुलत भावाने घाईघाईत मॅनेजमेंटची सीट घेतली, शेजारच्या बेंचवरच्या पोराची निम्मी फी माफ आणि याला एक रुपया नाही, काकांनी त्या वर्षी बैलजोडी विकली. अजून आठवलं की पोटात तुटतं.

आणि मोठं नाव राज्याबाहेरच असतं असं थोडीच आहे. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, तिथे नंबर लागत असेल तर डोळे झाकून जा. आयआयटी, एनआयटी मिळत असेल तर कर्ज काढूनही जा, माझं स्पष्ट मत आहे. पण नुसत्या जाहिरातीवर चाललेल्या प्रायव्हेटसाठी जळगावचं सरकारी सोडू नका.

पटत नसेल तर स्वतः जाऊन या. गेटवर नाही, कॅन्टीनला बसा, शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा की भाऊ, तुमच्या ब्रँचचे किती जण लागले, कोणत्या कंपनीत, आणि मधल्या पोराला, म्हणजे ना सगळ्यात वरच्या ना सगळ्यात खालच्या, किती पॅकेज मिळालं. सगळ्यात मोठं पॅकेज बोर्डावर लिहिलेलं असतंच, त्याचा उपयोग नाही. दुसऱ्या कॉलेजलाही हेच प्रश्न विचारा.

शेवटी ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅप राउंडसाठी कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायचा फॉर्म. पहिल्या राउंडला एक नंबरचं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की, पुढच्या राउंडला बदलता येत नाही, म्हणून जिथली फी झेपणारच नाही ते एक नंबरवर टाकू नका, आधी वडिलांसोबत बसून क्रम लावा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रिमीलेअर मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूवर उभं राहायला जागा नसते.