जुन्या गाडीचे ‘ओरिजिनल’ नट-बोल्ट ओळखताना या चुका टाळा

गाडी खोलली की सगळ्यात आधी भंगारात जातात ते नट-बोल्ट. रंग कुठला मारायचा, सीटकव्हर कसलं घालायचं, यावर महिनोन्महिने खल चालतो आणि बोल्ट मात्र एकाच तेलकट डब्यात ओतले जातात: “नंतर बघू, हार्डवेअरमधनं नवे आणू.” पण कारखान्यातून निघाल्यावर गाडीत काय काय बदललं, याचा सगळ्यात खरा पुरावा त्या डब्यातच असतो. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी लावून ठेवा. चारपैकी तीन एकसारखे आणि चौथाच वेगळा दिसला, तर बहुतेक वेळा चौथा नंतर बसवलेला असतो.

गंजलेला म्हणजे ओरिजिनल नव्हे

ही चूक सोलापुरात जरा जास्तच होते, आणि त्याला कारण आहे. इथल्या कापड गिरण्यांची जुनी यंत्रं विलायतेची, त्यांचे बोल्ट व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे. गिरण्या बंद पडल्या, यंत्रं भंगारात निघाली. असा काळाकुट्ट, जाड डोक्याचा बोल्ट हाती लागला की तो गाडीपेक्षाही जुना वाटतो आणि माणूस खूश होऊन बसवून टाकतो. गंमत म्हणजे तो बसतोही! सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती व्हिटवर्थला इंचात २० आटे, यूएनसी या अमेरिकन जाड आट्यांच्या मापालाही २०. अडीच सुतीला दोन्हीकडे १८, तीन सुतीला १६. पण व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, यूएनसीचा ६० अंशांचा. आटे एकमेकांवर पुऱ्या अंगाने टेकत नाहीत, आणि जोर पडला की तेच आधी जातात. चार सुतीला मात्र १२ विरुद्ध १३ असा फरक आहे, तिथे बोल्ट निदान अडून तरी बसतो.

‘बसला की!’ हा मिस्त्रीचा शेरा म्हणूनच पुरावा धरू नका.

अडीच सुती की आठ एमएम?

सगळ्यात जास्त आटे इथे खराब होतात. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. व्हर्नियर लावला तरी झिजलेल्या बोल्टवर फरक कळत नाही. यूनिफाइड (यूएनसी आणि यूएनएफ) अडीच सुतीचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ नंबरचा पाना दोघांवरही चढतो. जाडी आणि पाना दोन्ही फसवतात. खरं सांगतात ते आटे. बोल्ट पितळी ब्रशने साफ करा, स्टीलची पट्टी लावा, उजेडाकडे धरा आणि एका इंचात किती आटे येतात ते मोजा. १८ आले तर यूएनसी किंवा व्हिटवर्थ, २० आले तर आठ एमएम, २२ म्हणजे बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे), २४ म्हणजे यूएनएफ (यूनिफाइड बारीक आटे). पिच गेज (आटे ताडून बघायच्या दातेरी पट्ट्या) असेल तर उत्तमच, फार महाग नसतो. बोल्ट आखूड असेल तर अर्ध्या इंचातले मोजून दुप्पट करा.

पाना बघून आटे ठरवू नका, हे एमजी टीसी आणि टीडी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या खोलणाऱ्यांना चांगलंच ठाऊक असतं. त्यांच्या इंजिनात आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थच्या मापाची. ही इंजिनं मॉरिसच्या कारखान्यातली, आणि त्या कारखान्याचा मूळ वारसा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, त्याचा हा परिणाम. आणि हो, व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही.

गाडीचं नाव एक, आटे अनेक

फियाट मेट्रिक. भारतात फियाट बनवणाऱ्या प्रीमिअरचे वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरचेच, तेव्हा डुक्कर फियाट किंवा पद्मिनी हाताळताना आपल्याला तेवढं तरी माहीत असायला हवं. अ‍ॅम्बेसेडर मुळात मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, तिचं जुनं इंजिन इंचातल्या आट्यांचं. पण १९९० च्या दशकात इसुझूचं १८०० सीसी इंजिन आलं आणि त्याच्यासोबत मेट्रिक. बॉडी जुनी, इंजिन नंतरचं, अशी गाडी असेल तर दोन्ही पान्यांचे संच लागतील. यूनिफाइड आटे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये मान्य केले. ब्रिटिश गाड्या तिकडे वळल्या त्या पुढच्या काही वर्षांत, हळूहळू. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातल्या एकाच ब्रिटिश गाडीत बीएसएफ आणि यूएनएफ दोन्ही सापडू शकतात. ब्रिटिश यूनिफाइड बोल्टच्या डोक्यावर गोल खळगा किंवा एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं असतात, ती शोधा.

युद्धकाळातल्या फोर्डच्या जीपमध्ये कित्येक बोल्टच्या डोक्यावर ‘एफ’ कोरलेला असतो. विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात, तेव्हा नट सुटत नाही म्हणून पाईप लावून लोंबकळू नका.

चकाकीचा मोह

१९३० च्या गाडीवर स्टार (फुलीच्या खाचेचा, फिलिप्स) स्क्रू दिसला की जाणकार लगेच हसतो. तो स्क्रू मोटारीत आला १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, कॅडिलॅकपासून. त्याआधी एका खाचेचा. विसाच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांचं झळकतं काम निकेलचं, क्रोमची निळसर चमक त्यांना शोभत नाही. स्टेनलेसचे बोल्ट तर मला कुठल्याच जुन्या गाडीत आवडत नाहीत. डोळ्यांत खुपतातच, वर नेहमीच्या ए-२ ७० प्रतीचा स्टेनलेस बोल्ट ताकदीला ८.८ ग्रेडच्या पोलादी बोल्टपेक्षा कमी असतो.

मात्र कनेक्टिंग रॉड, स्टिअरिंग आणि ब्रेक इथे ‘ओरिजिनल’चा हट्ट नको. तिथला जुना बोल्ट डब्यात जपून ठेवा आणि त्याच आट्यांचा, योग्य ग्रेडचा नवा लावा. इंचातल्या बोल्टच्या डोक्यावर तीन रेषा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. कोरं डोकं असेल तर तिथे लावूच नका. बाकीच्या बोल्टना प्लेटिंग करून घेणार असाल, तर कडक बोल्ट आणि स्प्रिंग वायसर वेगळे काढून द्या. प्लेटिंगमध्ये शिरलेला हायड्रोजन असं पोलाद ठिसूळ करतो, म्हणून प्लेटिंगनंतर लगेच ते साधारण २०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवावे लागतात. प्लेटिंगवाल्याकडे तशी सोय आहे का, हे माल टाकण्याआधी विचारा.