शाळा व्यवस्थापन समितीवर निवड झालीय? या चुका टाळा

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी दोन वर्षं पालक सदस्य होते. पहिल्याच सभेत इतिवृत्ताची वही पुढे आली. वर पान कोरं, खाली सह्यांची रांग. "सही करा ताई, मजकूर नंतर लिहितो." मी केली. मार्चमध्ये त्याच पानावर रंगकामाच्या खर्चाची मंजुरी लिहिलेली दिसली. रंगकाम झालंही होतं, पण तिसरीच्या वर्गाचं छत गळत होतं ते तसंच राहिलं.

कोऱ्या पानावर सही करणं ही पहिली चूक. ठराव सभेतच लिहून, रकमेसकट वाचून घ्या आणि मगच सही करा. सही आधीच गेली असेल तर पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना हरकत नोंदवा. शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्यात, त्या खर्चावर विचारता यावं म्हणूनच. (खासगी अनुदानित शाळेत मात्र समितीचं काम फक्त सल्ल्याचं असतं.)

दुसरी चूक म्हणजे पैसे आल्यावर काय घ्यायचं ते ठरवणं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात शाळेच्या वर्षभराच्या खर्चाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 मुलांपर्यंत 10 हजार, 31 ते 100 पर्यंत 25 हजार, 101 ते 250 पर्यंत 50 हजार. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेसाठी. रक्कम बऱ्याचदा वर्ष संपता संपता येते आणि 31 मार्चच्या घाईत नको ते घेतलं जातं. डिसेंबरातच गरजांची क्रमवार यादी आणि दरपत्रकं तयार ठेवा. संरक्षक भिंत किंवा नवी खोली या अनुदानात बसत नाही. त्यासाठी ठराव घेऊन ग्रामसभेला जा, गावचा विकास आराखडा ठरतो तेव्हाच.

सगळ्यात महाग पडणारी चूक शिक्षकांच्या बाबतीत होते. शिक्षक बदलून गेले की आपण शाळेला कुलूप लावायला निघतो, पण पद टिकणार की जाणार हे आधीच संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक मिळणार त्या मंजुरीत) ठरलेलं असतं आणि ती 30 सप्टेंबरच्या पटावर होते. पहिली ते पाचवीला कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 पासून तीन. (नवं पद मागायचं असेल तर चालू शासन निर्णयातला आकडा केंद्रप्रमुखांकडून घ्या.) आमच्या पटावर 62 मुलं होती. ऑगस्टमध्ये बाईंनी मुलांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल उघडून दाखवलं, तर तिघांचं आधार जुळत नव्हतं. एकाचं नाव आधारवर ज्ञानेश्वर, शाळेच्या दाखल खारीज (प्रवेशाच्या) रजिस्टरात माऊली. दुसरीची जन्मतारीख वेगळी. वैध आधार नसलेलं मूल मोजणीत धरत नाहीत, म्हणजे आमचे 59 झाले आणि तिसऱ्या गुरुजींचं पद धोक्यात आलं.

तेव्हा आधी चूक कुठे आहे ते बघा. शाळेच्या नोंदीत असेल तर मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह अर्ज द्या, आधारमध्ये असेल तर जन्मदाखला घेऊन आधार केंद्रावर जा. आम्ही तिन्ही घरी गेलो. माऊलीच्या आईने खुरपणीचा एक दिवस बुडवून तालुक्याला खेप केली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोर्टलवर 62 दिसले. हे काम जुलैतच हातात घ्या.

शाळा विकास आराखडा मागच्या वर्षीचा उतरवून देऊ नका. किती मुलं येणार, किती शिक्षक कमी, कोणत्या खोल्या, किती पैसे, हे त्यात असायला हवं. कायद्याच्या कलम 22 प्रमाणे पुढचं नियोजन आणि अनुदान याच आराखड्यावर आधारायचं असतं.

स्नेहसंमेलन, सहल यांची वर्गणी सक्तीची नको. जी जमेल तिची पावती द्या, हिशेब अनुदानाच्या कीर्दीत मिसळू नका.

आणि ऊसतोड कामगारांची मुलं. आईबाप दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कारखान्याला निघाले की मूल टोळीबरोबर जातं. मूल गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे आणि ती समितीमार्फतच चालते, पण बैलगाड्या निघून गेल्यावर प्रस्ताव करून काय उपयोग? पहिल्या वर्षी आमचं तसंच झालं, अकरा मुलं गेली. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरातच घरोघर फिरून, मुकादमाने उचल (आगाऊ पैसे) कोणाला दिलीय ते विचारून यादी केली. कोणाचं मूल आजीजवळ झोपेल, कोणाला रात्रीचीही सोय लागेल, तेही नावापुढे लिहिलं आणि यादी ठरावासोबत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देऊन पोच घेतली.